बायपोलर आहे म्हणून माझी सही कच्ची का?

प्रश्न : मी ३६ वर्षांची, सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत नोकरी करते. आई, दादा आणि वहिनी यांच्यासोबत राहते. सहा वर्षांपूर्वी बायपोलरचं, म्हणजे टोकाचा उत्साह आणि टोकाची उदासी आलटून-पालटून येणाऱ्या आजाराचं, निदान झालं. त्याच्या आधी, हाय असताना, म्हणजे उन्मादाच्या भरात, मी तीन ओळखीच्या माणसांना कर्जासाठी जामीन राहिले. त्यातल्या दोघांनी हप्ते बुडवले, ते दादाने भरले. गेली तीन वर्षं लिथियम या औषधावर अगदी स्थिर आहे. फक्त हात थरथरतो, चहाचा कप बशीत वाजतो. दर तीन महिन्यांनी पुण्याच्या एका मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत जाते. मागच्या खेपेला तिथल्या रेसिडेंट मॅडमनी बायपोलरवरच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. दोन वर्षांचा आहे : एकदा रक्ताचा नमुना, दर सहा महिन्यांनी मुलाखत आणि झोप मोजायला मनगटावर घड्याळ. मला जावंसं वाटतं. एक तर माझ्या भोगण्याचा कुणाला उपयोग होईल. शिवाय अभ्यासात गेले तर मोठे डॉक्टर नीट लक्ष घालतील, कदाचित लिथियमही सुटेल. पण दादा म्हणतो, 'प्रयोगशाळेतला उंदीर व्हायचंय का? आणि तुझ्या सहीची किंमत आपण एकदा मोजली आहे.' नाही म्हणावं तर ओपीडीत वागणूक बदलेल अशी भीती वाटते. त्यातच व्हॉट्सॲपवर एक जाहिरात आली : बायपोलरवर नवीन औषध, लिथियमपासून मुक्ती, सहभागींना २०,००० रुपये, नोंदणी फी २,५००. काय करू? (पत्र संक्षिप्त केलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

उत्तर :

अभ्यासात जावं की न जावं, असं तुम्ही विचारलंय. पण तुमच्या पत्रातली सगळ्यात जड ओळ दादांची आहे, सहीच्या किमतीची. ती तुम्हाला लागलीय, आणि थोडी पटलीही आहे असं मला वाटतं. तेव्हा आधी सहीचं बघू, अभ्यासाकडे मागून येऊ.

त्या तीन जामीनपत्रांवर तुम्ही सही केलीत तेव्हा निदान झालेलं नव्हतं, औषध सुरू नव्हतं, समोरच्याला घाई होती आणि 'कागद घरी न्या, वाचा, उद्या या' असं म्हणणारं कुणी नव्हतं. आज तीन वर्षं तुम्ही रोज संध्याकाळी रोकड जुळवून रजिस्टरवर सही करता. पतसंस्थेला ती सही चालते. हात थरथरतो म्हणून अक्षर वाकडं येत असेल, पण कुणी ती खोडून दादांची मागत नाही.

कायदाही हेच धरून चालतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८च्या मे महिन्यात लागू झाला. नुसत्या निदानावरून कुणाला विकल मनाचं ठरवता येत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. उपचारांच्या बाबतीत निर्णयक्षमता बघायची ती अशी : सांगितलेलं समजतं का, होकार-नकाराचे परिणाम कळतात का, आणि आपला निर्णय सांगता येतो का. संशोधनासाठी त्या कायद्यात वेगळं कलम आहे. मानसिक आजार असलेल्या माणसाची नुसती मुलाखत घ्यायची असली तरी त्याची स्वतःची, समजून-उमजून आणि दडपणाशिवाय दिलेली संमती हवी. माणूस संमती देण्याच्या अवस्थेतच नसेल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी काढावी लागते, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीची (त्याला निर्णयात मदत करायला नेमलेल्या माणसाची) संमती लागते, आणि हे संशोधन संमती देऊ शकणाऱ्या माणसांवर का करता येत नाही ते पटवून द्यावं लागतं. थोडक्यात, तुम्ही आज आहात तशा स्थिर असताना दादांनी तुमच्या वतीने सही केली तर ती चालणार नाही. आणि त्यांनी नको म्हटलं म्हणून तुमची रद्दही होणार नाही.

तुम्ही पतसंस्थेत आहात म्हणून एक गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळेल. जामीनदार एकदा सही करून बसला की बसला. कर्जदाराने हप्ते थकवल्यावर 'मला आता नको' म्हणायची सोय नसते. संमतीपत्राचं नेमकं उलटं असतं. पहिल्या दिवशी, सहाव्या महिन्यात, मुलाखतीच्या मधोमध, कधीही बाहेर पडता येतं, आणि कारण सांगायचीही सक्ती नसते. दादांच्या मनात सही म्हणजे जामीनपत्राची सही बसली आहे, आणि त्यांनी पैसे भरलेत त्यामुळे ती पक्की बसली आहे. हा फरक त्यांना कुणीतरी, शक्यतो अभ्यासवाल्या डॉक्टरांनीच, समोर बसवून सांगायला हवा.

अर्थात आजाराकडे डोळेझाक करूनही चालणार नाही. हाय असताना माणूस कशालाही हो म्हणतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. डिप्रेशनमध्येही होकार येतो, 'माझं काय, काहीही झालं तरी चालेल' असा. मला या दुसऱ्या होकाराची जास्त काळजी वाटते, कारण तो वरून शहाणा दिसतो. चांगल्या अभ्यासात संमती घेताना माणूस कुठल्या अवस्थेत आहे हे पाहतात, आणि दीर्घकाळ चालणाऱ्या अभ्यासात मधेमधे पुन्हा विचारतात. तुमचा अभ्यास दोन वर्षांचा आहे, तेव्हा 'मध्ये माझी तब्येत बिघडली तर तुम्ही काय करणार?' हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारा. 'बघू तेव्हाचं तेव्हा' हे उत्तर पुरेसं नाही.

आणि आपल्या बाजूने एक कागद करून ठेवा. तुमची चढती सुरू होते तेव्हा पहिली खूण कोणती? बहुतेकांची झोप कमी होते आणि तरी थकवा नसतो. काहींचे फोन वाढतात, काहींची ऑनलाइन खरेदी. तुमची जी असेल ती लिहा : 'सलग दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोपले, तर अभ्यासाची भेट थांबवावी, अमुक व्यक्तीला फोन करावा, आणि त्या काळात माझ्याकडून कुठल्याही नव्या कागदावर सही घेऊ नये.' एक प्रत अभ्यासाच्या फाइलला, एक तुमच्या डॉक्टरांच्या केसपेपरला, एक घरी. नामनिर्देशित प्रतिनिधीही याच निमित्ताने ठरवून टाका. साध्या कागदावर लिहून सही केली की पुरतं, स्टॅम्पपेपर लागत नाही. तो दादाच असला पाहिजे असंही नाही. मैत्रीण चालते, वहिनी चालतात. पण तुमच्या पत्रावरून वाटतं की तुम्ही दादांनाच नेमाल, आणि तसं केलंत तर त्यांचा निम्मा राग तिथेच उतरेल. त्यांना सगळ्यात आधी कळवलं जाईल, एवढंच बहुधा त्यांना हवं आहे.

आता पत्रातलं ओझरतं वाक्य : मोठे डॉक्टर लक्ष घालतील, लिथियम सुटेल. इथे मी तुम्हाला थांबवते. अभ्यास म्हणजे उपचार नव्हे. डॉक्टर तेच, इमारत तीच, कधीकधी खुर्चीही तीच, त्यामुळे गल्लत होते. पण उपचारात डॉक्टर तुमच्यासाठी काय बरं हे पाहतात. अभ्यासात एका प्रश्नाचं उत्तर शोधायचं असतं आणि सगळं त्या प्रश्नाच्या सोयीने आखलेलं असतं. तुम्ही वर्णन केलेल्या अभ्यासात औषधाचा विषयच नाही. रक्त, मुलाखत, घड्याळ. त्यातून तुम्हाला स्वतःला बहुधा काहीच मिळणार नाही. जनुकांच्या अभ्यासात तर नमुना देणाऱ्याला व्यक्तिगत निकाल सहसा कळवतही नाहीत. द्यायचं ते हे जाणून द्या. 'काही मिळालं नाही तरी चालेल' असं मनापासून म्हणता येत असेल तरच त्या खोलीत शिरा.

लिथियमचं गाऱ्हाणं वेगळं आहे आणि त्याची जागा ओपीडीत आहे. थरथर हा लिथियमचा ओळखीचा त्रास. रक्तातली पातळी बघून, मात्रा किंवा वेळ बदलून, कधी सोबत दुसरी गोळी देऊन तो कमी करता येतो. थरथर अचानक वाढली, चालताना तोल जायला लागला, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर वाट न बघता पातळी तपासायची. हे सगळं तुम्ही डॉक्टरांना सांगितलंय का? पत्रात तसं दिसत नाही. 'चालायचंच' म्हणून गप्प बसलेली पुष्कळ माणसं मी पाहते. आणि लिथियम स्वतःहून, एकदम, बंद करायचं नाही. एकदम सोडलं की काही महिन्यांतच उन्माद उलटून येण्याचा धोका मोठा असतो. हळूहळू कमी केल्यावर तो त्या मानाने कमी. म्हणून ज्या अभ्यासात चालू औषध बंद करावं लागतं, त्यात तुमच्यासारख्या स्थिर माणसाने जाताना दहादा विचार करावा. बंद किती दिवस, त्या दिवसांत कोण लक्ष ठेवणार, बिघडलं तर पूर्वीचं औषध ताबडतोब मिळणार का, आणि मुळात बंद का करायचं, हे विचारल्याशिवाय नाही.

आता दादांचा उंदीर.

त्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. २००५ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री'त तीव्र उन्मादावरचा एक अभ्यास छापून आला. रिस्पेरिडोन हे औषध, २९० रुग्ण, सगळे भारतातले. काहींना तीन आठवडे औषध, काहींना प्लासिबो, म्हणजे औषधाचा अंश नसलेली गोळी. उन्मादावर चालणारी औषधं बाजारात असताना इतक्या आजारी माणसांना बिनऔषधाची गोळी का दिली, आणि त्या अवस्थेत त्यांनी दिलेली संमती कितपत खरी, असे प्रश्न विचारणारी पत्रं त्याच नियतकालिकात आली. संशोधकांनी संमतीपत्रं आणि मंजुऱ्यांकडे बोट दाखवलं. कागद पुरे असूनही प्रश्न उरतो, म्हणून मला हे उदाहरण महत्त्वाचं वाटतं. इंदूरच्या औषध चाचण्यांचं प्रकरण तर वर्तमानपत्रांत गाजलं होतं. लहान मुलांवर आणि मानसिक रुग्णांवर गुपचूप चाचण्या केल्याचा आरोप होता, आणि मध्य प्रदेश सरकारने १२ डॉक्टरांना दंड केला, प्रत्येकी ५,००० रुपये. (आकडा वाचून दादांना काय वाटेल ते मी समजू शकते.)

यानंतर स्वास्थ्य अधिकार मंच ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २०१३पासून नियम कडक होत गेले. २०१९ साली नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम आले. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई, हे त्यात आहे. संशोधन नीतीला धरून आहे का हे तपासणाऱ्या एथिक्स कमिटीत किमान सात सदस्य, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्ष बाहेरचा, एक कायदा जाणणारा, एक स्त्री आणि एक अगदी सामान्य नागरिक, हेही आहे.

त्या सामान्य नागरिकाबद्दल थोडं सांगते. मी मानसोपचार विभागात सोशल वर्कर होते आणि एका संस्थेच्या एथिक्स कमिटीवर बसते. आमच्याकडे सामान्य नागरिकाच्या जागी एक निवृत्त शाळामास्तर आहेत. एका बैठकीत मानसिक रुग्णांवरच्या अभ्यासाचा प्रस्ताव आला. आकडेमोड झाली, औषधाच्या मात्रेवर चर्चा झाली. मास्तर संमतीपत्राचं शेवटचं पान उलटून पाहत होते. त्यांनी विचारलं, 'ह्या नंबरवर रात्री दोन वाजता फोन केला तर कोण उचलतं?' नंबर विभागाच्या ऑफिसचा होता, पाचला कुलूप लागणाऱ्या ऑफिसचा. प्रस्ताव परत गेला, आणि मोबाइल नंबर व इमर्जन्सीची व्यवस्था लिहून पुन्हा आला. तुम्हीही आधी शेवटचं पान बघा. तिथे दोन नंबर असले पाहिजेत : एक अभ्यास करणाऱ्यांचा, एक एथिक्स कमिटीचा. दुसरा नंबर तक्रारीसाठी असतो आणि तो रुग्णांनी वापरावा म्हणूनच छापतात. आमच्याकडे वर्षानुवर्षं कुणाचा फोन येत नाही. त्यावरून सगळे सुखात आहेत, असं मानायला मी तयार नाही.

पण दादांना दुसरी बाजूही सांगा. तुम्हाला तीन वर्षं उभं ठेवणारी गोळी कुठून आली? १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन कॅड या डॉक्टराने उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम देऊन पाहिलं. चमत्कार वाटावा इतका फरक पडला, आणि त्या दहांतला पहिलाच रुग्ण पुढे लिथियमच्या विषबाधेने गेला. पातळी मोजण्याची शिस्त नंतर आली. डेन्मार्कच्या मोगेन्स शौ यांच्यासारख्यांनी पुढे वर्षानुवर्षं रीतसर चाचण्या केल्या तेव्हा कुठे हे औषध भरवशाचं झालं. दर काही महिन्यांनी दंडातून रक्त देताना तुम्ही कंटाळत असाल, पण त्या सुईमागे अशी माणसं आहेत. त्यातल्या कित्येकांना कुणी काही विचारलंही नसेल. तुम्हाला विचारलं जातंय.

आणि आपल्या लोकांची माहिती खरंच कमी आहे. बायपोलरच्या जनुकांवरचा आजवरचा सर्वांत मोठा म्हणावा असा अभ्यास २०२५च्या जानेवारीत 'नेचर'मध्ये आला : दीड लाखाहून जास्त रुग्ण, जनुकसंचातल्या २९८ जागा आजाराशी जोडलेल्या आढळल्या. त्यात वंशाने युरोपीय, पूर्व आशियाई, आफ्रिकन-अमेरिकन आणि लॅटिनो लोक होते. दक्षिण आशियाचा गट नव्हता. उद्या यातून काही चाचण्या, काही औषधं निघाली तर ती साताऱ्यातल्या माणसाला तितकीच लागू पडतील का, हे कशावरून ठरवायचं? २०१५-१६चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणही १२ राज्यांत झालं, त्यांत महाराष्ट्र नव्हता. बंगळुरूला निम्हान्स ही मानसिक आरोग्याची आणि एनसीबीएस ही जीवशास्त्राची संस्था मिळून गंभीर मानसिक आजार असलेल्या कुटुंबांचा वर्षानुवर्षं मागोवा घेत आहेत. २०२३पासून ते काम रोहिणी निलेकणी सेंटर फॉर ब्रेन अँड माइंड या नावाने चालतं, आणि बायपोलर हा त्यांच्या पाच आजारांपैकी एक आहे. तुमच्या रेसिडेंट मॅडमनी सांगितलेला अभ्यासही साधारण त्याच जातीचा दिसतो. म्हणून 'कुणाला तरी उपयोग होईल' हे तुमचं म्हणणं भाबडं नाही.

अभ्यास खरा आहे का, हे घरबसल्या कसं पाहायचं? आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे चाचण्यांची नोंदवही, लोक तिला सीटीआरआय म्हणतात, २००७ सालापासून आहे. वेबसाइट मोफत आहे. बायपोलर शब्द इंग्रजीत टाकून शोधा, मग पुणे, मुंबई, नागपूर अशी आपल्या जवळची केंद्रं बघा. प्रत्येक नोंदीत पैसा कुणाचा, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे की प्रलंबित, कुणाला घेणार आणि कुणाला नाही, तुलना कशाशी, आणि सर्वसामान्यांनी कुणाला फोन करायचा ते दिलेलं असतं. दोन तारखा शेजारी ठेवून बघा : नोंदणीची आणि पहिला माणूस घेतल्याची. १ एप्रिल २०१८पासून पहिला माणूस घेण्याआधीच नोंदणी व्हायला हवी. मात्र ही नोंद म्हणजे सरकारने दिलेलं प्रशस्तिपत्र नव्हे. अभ्यास वाईट असूनही नोंद असू शकते. आणि तुमच्यासारखा नुसता निरीक्षणाचा अभ्यास असेल तर नोंद नसेलही. तेवढ्यावरून तो बनावट ठरत नाही. एथिक्स कमिटीची मंजुरी मात्र त्यालाही लागते. पत्राचा क्रमांक मागा. मागितल्यावर कुणी रागावलं तर तेवढं उत्तर पुरेसं आहे. परदेशात असलेल्या वाचकांसाठी : अमेरिकेत क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह आणि ब्रिटनमध्ये बी पार्ट ऑफ रिसर्च इथे असाच शोध घेता येतो.

व्हॉट्सॲपवरच्या जाहिरातीला मी एकच परिच्छेद देते. अभ्यासात भाग घ्यायला सहभागी पैसे भरत नाही. येण्याजाण्याचा खर्च, बुडालेल्या दिवसाचे काही पैसे मिळू शकतात आणि त्यात गैर काही नाही. पण नोंदणी फी? संस्थेचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही, आणि ज्या औषधाची अजून चाचणी व्हायची आहे त्याच्या गुणाची हमी आधीच. जाहिरात पुढे पाठवू नका. पैसे भरले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच कळवा, जितकं लवकर तितकं बरं.

आता तुमचा अभ्यास. मी तुमच्या जागी असते तर काय विचारलं असतं, ते सांगते. रक्ताचा नमुना किती वर्षं ठेवणार आणि पुढे दुसऱ्या कुठल्या अभ्यासासाठी वापरणार का? देशाबाहेर जाणार का? (परदेशी संस्थेसोबतच्या संशोधनाला वेगळी सरकारी मंजुरी लागते.) मी बाहेर पडले तर नमुना नष्ट करता येईल का, आणि तोवर गोळा झालेल्या माहितीचं काय? घड्याळ फक्त झोप आणि हालचाल टिपतं, की फोनही जोडावा लागतो? फोन जोडायचा असेल तर त्यातून नक्की काय घेता : नुसती किती फोन झाले ती संख्या, की मजकूरही? मुलाखतीत जुन्या एपिसोडबद्दल खोदून विचारतील. त्या जामिनांबद्दल, कदाचित जीव द्यावासा वाटला होता का याबद्दलही. तसं काही आज मनात असल्याचं सांगितलं तर ती गोष्ट गुप्त राहील की डॉक्टरांना आणि घरी कळवतील? जबाबदार अभ्यासात कळवतात, आणि कळवणार हे आधीच सांगतात.

मग गुप्ततेचा साधा, रोजचा भाग, जो कागदात बहुधा नसतो. तुमचं गाव लहान, पतसंस्था त्याहून लहान. पुढच्या भेटीची आठवण करून द्यायला फोन येईल तेव्हा तुम्ही काउंटरवर असाल आणि फोन शेजारच्याने उचलला तर? संस्थेचा लँडलाइन नंबर देऊच नका. कुठल्या वेळेत फोन करायचा आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय म्हणायचं, हे ठरवून त्यांच्या फॉर्मवर लिहून द्या. 'दातांच्या अपॉइंटमेंटसाठी' असं खोटं बोलायला लावण्याची गरज नाही. 'पुन्हा करतो' एवढं पुरतं. पत्रव्यवहार असेल तर पाकिटावर विभागाचं नाव नको, हेही सांगा. मागणी विचित्र वाटेल म्हणून संकोचू नका. अशा मागण्यांनी अभ्यास सुधारतात.

नाही म्हटलं तर ओपीडीत वागणूक बदलेल का? बदलता कामा नये, आणि संमतीपत्रात तसं लिहिलेलं असतं. तरीही भीती वाटते, कारण विचारणारी तीच डॉक्टर जी तुमच्या गोळ्या लिहिते. आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वंही रुग्ण-डॉक्टर नात्यातल्या या दडपणाची दखल घेतात. म्हणून 'माझ्यावर उपचार न करणाऱ्या दुसऱ्या कुणाकडून मला समजावून मिळेल का?' असं विचारा. सोशल वर्कर, रिसर्च असिस्टंट, कुणीही. नकार द्यायचा ठरला तर लांबण लावू नका, 'सध्या मला जमणार नाही' एवढं म्हणा आणि पुढच्या गोळ्यांचं बोला. त्यानंतर वागणूक खरंच बदलली तर शेवटच्या पानावरचा दुसरा नंबर आहे.

एकंदरीत माझा कल सांगायचा तर, मॅडमच्या अभ्यासात जायला मला हरकत दिसत नाही, प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली तर. दुसऱ्या कुणी वाचकाला औषधाची चाचणी विचारली गेली असेल, चालू औषध बंद करायला सांगितलं असेल, किंवा नुकताच एपिसोड येऊन गेला असेल, तर माझा कल इतका सरळ नसेल. अशा वेळी अभ्यासाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचं मत घ्या. ज्यांना जवळ कुणी नाही त्यांनी निदान टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर बोलावं. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. अभ्यासाची कायदेशीर छाननी ते करणार नाहीत, पण तुमची अवस्था आज निर्णय घेण्यासारखी आहे का, हे बोलता बोलता कळायला मदत होईल.

पुढच्या खेपेला दादांना सोबत न्या. माहितीपत्र आणि संमतीपत्र मराठीत मागा, तिथे सही करू नका, घरी आणा. वाचून झालं की दादांनाही वाचू द्या आणि त्यांचे प्रश्न त्यांच्याच अक्षरात समासात लिहू द्या. सहीच्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना ते खुशाल विचारावेत, अगदी उंदराचाही. मात्र त्यानंतरची पंधरा मिनिटं त्यांना बाहेर बाकावर बसू द्या, शेवटचं बोलणं तुमचं आणि अभ्यासवाल्यांचं होऊ द्या. सही केलेली एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. ती मिळाल्याशिवाय तिथून निघू नका.

आणि एक, फक्त तुमच्यापुरतं. ओपीडीची तारीख मार्चमध्ये येत असेल तर सुरुवात तेव्हा नको. मार्चअखेर म्हणजे रात्री दहा-दहापर्यंत खाती मिटवणं, झोपेचं खोबरं, आणि तुमच्या आजाराला झोपेइतकं दुसरं काही लागत नाही. माणसं घेण्याची शेवटची तारीख काय आहे ते मॅडमना विचारा. बहुतेक अभ्यासांत ती महिनोन्‌महिने लांब असते. एप्रिलचा दुसरा आठवडा बघा, आणि त्या दिवशीची रजा आत्ताच टाकून ठेवा.